लाकडाचं वजन

मुलुंड पूर्व
१८ नोव्हेंबर २०२४

आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर मोबाइल तुझ्या सुयोगच्या हातात असतो. म्हणून सरळ पोस्टाचं पाकीट आणलं.

आईच्या तेराव्याला तू गुडघे धरून दहिसरहून आलीस. निघताना मला बाजूला घेऊन विचारलंस, भाऊ असा का झालाय, वहिनी गेली एवढंच की आणखी काही? तेव्हा मला बोलता आलं नाही. आता लिहिते.

अग्नी मी दिला, हे तुला माहीत आहे. पुढचं कुणालाच सांगितलं नाही. विद्युतदाहिनी बंद होती, म्हणून लाकडावर. रचलं ते पाहूनच बाबांचे मित्र क्लेमेंट अंकल म्हणाले, एवढंच? वर जाडसर ओंडके, खाली ओल्या फांद्या. धूर मात्र असा की कुणाला काही दिसेना. थोड्या वेळाने सगळं एका बाजूला खचलं आणि आईचे पाय बाहेर आले. घोट्याखाली त्यांना काहीच झालं नव्हतं. जोडवी तशीच होती.

तिथला माणूस म्हणाला, आजचं लाकूड संपलं. बाबांनी आणि अंकलनी तिरडीचे बांबू मोडले, समोरच्या गोदामातून खोक्यांच्या फळ्या मागून आणल्या. तेही पुरेना. मग कुणीतरी पंपावरून कॅनमध्ये डिझेल आणलं. ते बाबांनी स्वतःच्या हाताने आईवर ओतलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतर ते घरात बसलेच नाहीत. वॉर्ड ऑफिसात जाऊन बसतात. प्रत्येक मयतामागे पालिका लाकूड फुकट देते, म्हणजे आपल्याच करातून. ठेकेदाराला प्रत्येक मयताचं पूर्ण बिल मिळतं. बाबांचा एकच प्रश्न आहे, माझ्या बायकोच्या वाट्याचं लाकूड गेलं कुठे? त्यांचा तो करदाते मंच तुला ठाऊक आहे ना, चार पेन्शनर, आजवर फुटपाथच्या लाद्या आणि दिव्यांच्या खांबांवरून भांडायचे. आता सगळे ह्याच्याच मागे. ऑफिसातला एक जण अंकलना म्हणाला, तुम्ही ख्रिश्चन, तुम्हाला लाकडाचं काय पडलंय? अंकल म्हणाले, "आम्ही पुरतो साहेब, पण कर काय कमी भरतो?"

सुयोग कुठल्यातरी ठेकेदाराकडे आहे ना, गटारं-रस्त्यांच्या कामावर? त्याला विचार, हे लाकूड कोण पुरवतं, कसं पुरवतं. घरचा माणूस माहीतगार असला तर बरं.

तुझी
दीप्ती


दहिसर
२७ नोव्हेंबर २०२४

दीप्ती बाय,

पत्र वाचून अन्न गोड लागेना. वहिनीसारखी बाई, आणि तिची अशी दशा. भाऊने एकट्याने ते डिझेल ओतलं, आणि मी इथे शेगडीपुढे बसून होते.

सुयोगला पत्र दाखवलं. तो जेवत होता. वाचलं आणि ताट भिंतीवर फेकलं. आमटी अजून भिंतीवर पिवळी दिसते. ओठांवरून कळलं तेवढं सांगते, "मामाक सांग, गप घरात बस." त्याचा राग मनात धरू नकोस गो. बाप लवकर गेला, घर त्याने ओढलं, दिवसभर उन्हात माणसं हाकायची, डोकं तापतं. शांत झाल्यावर पाटीवर लिहून दाखवलंन, लाकडाच्या धंद्यातली माणसं वाईट, कोयता घेऊन फिरतात, मामा म्हातारा माणूस. काळजीच आहे ना ती?

आता तुझं पत्र आलं का म्हणून तोच विचारतो. कामावरून आला की आधी दाराखाली बघतो. लहानपणी मामाच्या खांद्यावरून उतरत नसे, ते प्रेम कुठे जाईल? भाऊला म्हणावं, नवरा म्हणून जे करायचं ते केलंस, आता पुरे.

मेथीचे लाडू पाठवते. भाऊला सकाळी एक दे.

आत्या


मुलुंड पूर्व
२१ डिसेंबर २०२४

आत्या,

लाडू पोचले. बाबा खातात, पण पुरे काही करत नाहीत.

रोज सकाळी स्मशानासमोरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसतात. ट्रक आला की उठून बघतात. कागदावर भरलेला ट्रक असतो, आत निम्मा रिकामा. त्यांनी तसं लेखी कळवलं आणि तिथून सुरू झालं.

आधी खिडकीतून वीट आली. मी भांडी घासत होते, कानाजवळून गेली. मग सोसायटीच्या गेटवर कुणीतरी मेलेला कुत्रा टांगला, पोट फाडून. वॉचमन ओकला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाबांनाच सांगितलं, तुमच्यामुळे सगळ्यांना त्रास. गेल्या आठवड्यात मला फोन आला. घाटकोपरच्या लॅबमधून मी किती वाजता सुटते, कुठल्या रिक्षा स्टँडवर उभी राहते, आज कुठल्या रंगाची ओढणी आहे, सगळं सांगितलं आणि म्हणाला, तुझ्यासाठी मात्र पुरेपूर लाकूड देऊ. आत्या, त्या दिवशी रक्त घेताना एका बाईची शीर मला सापडलीच नाही.

मी बाबांना म्हटलं, सोडून द्या. ते म्हणाले, "सोडलं तर ते पाय डोळ्यासमोरून जातील का?"

आता एक चांगली गोष्ट. वॉर्ड ऑफिसातला एक तरुण इंजिनीअर तयार झालाय. सोमवारी, सहा जानेवारीला सकाळी ट्रक येईल तेव्हा तो, बाबा आणि क्लेमेंट अंकल तिथे असतील, आणि ट्रक तसाच काट्यावर नेऊन वजन करतील. ठेकेदाराला सुगावा लागला तर ट्रक भरून येईल, म्हणून ऑफिसातही कुणाला सांगितलेलं नाही. तूही कुठे बोलू नकोस. सुयोगला सांगितलंस तर चालेल. तो आपला. जमलं तर त्याला त्या सकाळी तिकडे पाठव, बाबांच्या बाजूला एक धडधाकट माणूस उभा असला तर मला धीर येईल.

दीप्ती


हॉस्पिटल, मुलुंड
९ जानेवारी २०२५

आत्या,

बाबा तुला कळवू नको म्हणाले होते. मी त्यांचं ऐकत नाही.

बाबांचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी काल काढून टाकला. डोक्याला टाके आहेत, उजवा पाय मांडीत मोडलाय, हाताची बोटं अशी सुजलीत की मोजता येत नाहीत. जिवंत आहेत.

मी लॅबमध्ये होते. क्लेमेंट अंकलच्या मुलीने, ॲमांडाने फोन केला. चहावाल्याने जे सांगितलं ते लिहिते. ट्रक आला. बाबा पुढे जाऊन उभे राहिले आणि काट्यावर चल म्हणाले. ड्रायव्हर हसला. तेवढ्यात मागून दोन मोटारसायकली आल्या, चार माणसं, सगळ्यांची हेल्मेटं डोक्यावर. इंजिनीअर पळाला. अंकल मोबाइलवर शूटिंग करत होते, पहिला रॉड त्यांच्या तोंडावर. जबडा तुटला. दात रस्त्यावर पडले ते चहावाल्याने कपात गोळा करून दिले.

बाबांनी ट्रकच्या दाराचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. तो सुटेपर्यंत बोटांवर मारत राहिले. सुटल्यावर खाली पाडलं. एकाने छातीवर गुडघा दाबून धरलं, बाकीच्यांनी मारलं. शेवटी एक जण ट्रकवर चढला आणि वरून ओंडके त्यांच्या अंगावर टाकायला लागला. म्हणाला, "लाकूड पाहिजे ना थेरड्या? घे." लोक बघत होते. शटरं पडली. चहावाला तेवढा ओरडत राहिला.

पोलीस आले होते. बाबांनी सांगितलं, हेल्मेटं होती, कुणाला ओळखलं नाही. मग माझा हात ओढून म्हणाले, रुक्मिणीला काही कळवू नकोस. अशा अवस्थेतही त्यांना तुझ्या ब्लडप्रेशरची काळजी.

आत्या, सुयोगला पाठव. बाबांना उचलायला, कूस वळवायला मला एकटीला जमत नाही. त्या सकाळी तो का आला नाही? काम लागलं असेल. आता तरी पाठव.

दीप्ती


दहिसर
१८ जानेवारी २०२५

चि. दीप्तीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. भाऊला जपा. हळद घालून दूध दे.

सुयोग गावी गेला आहे, देवाचं काम निघालं. कधी येईल सांगता येत नाही. माझे गुडघे फार धरलेत, येता येत नाही.

भाऊने खरंच कुणाला ओळखलं नाही का? पोलिसांना आणखी काही म्हणाला का? तो झोपेत काही बोलतो का? तेवढं कळव.

आत्या


मुलुंड पूर्व
१० फेब्रुवारी २०२५

रुक्मिणीबाई,

आत्या लिहायला हात वळत नाही.

तुमचं पत्र मी खूप वेळा वाचलं. भाऊ कसा आहे हे एकदाही विचारलं नाहीत. विचारलंत काय, तर त्याने कुणाला ओळखलं. मला अक्कल उशिरा आली. मी ॲमांडाला घेऊन चौकशी केली. लाकडाचा ठेका कुंडलिकशेठचा आहे. गटारांचाही त्याचाच. आणि त्याची माणसं सांभाळतो तो दहिसरचा सुयोग.

मी बाबांना विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बसून राहिले, उठलेच नाही. शेवटी बाबा बोलले. छातीवर ज्याचा गुडघा होता तो हेल्मेटच्या आतून हळूच म्हणाला होता, "मामानू, उठू नकात."

मामानू. जगात बाबांना असं म्हणणारा एकच माणूस आहे.

मी उठले, म्हटलं आत्ता पोलिसांत जाते. बाबांनी त्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तू सांगितलंस तर मी खोटं ठरवीन. तिचं दुसरं कोण आहे? आत्या, माझा बाप स्वतःचा डोळा गिळून बसलाय, तुझ्यासाठी.

तारीख मी लिहिली होती. तुझ्यावर विश्वास ठेवून. ती त्याला तू सांगितलीस, आणि नंतर गप्प बसलीस. अंकल अजून नळीने पेज पितात. मंचाचे बाकी लोक रस्त्यात ओळख देत नाहीत. ठेका चालू आहे. मयतं येतात, अर्धवट जळतात.

तू बोलणार नाहीस हे मला माहीत आहे. पोर ते पोर. ठीक. फक्त आमच्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. बाबा गेले तरी येऊ नकोस.

दीप्ती


दहिसर
३० मार्च २०२५

दीप्ती बाय,

अक्षर माझं नाही, शेजारच्या जानकीचं आहे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मी बोलते, ती लिहिते. तू जे लिहिलंस त्यातलं एकही अक्षर खोटं नाही, पण पुढचं ऐक.

तारीख मीच सांगितली. तू म्हटलंस पाठव, म्हणून सांगितली. भाऊच्या बाजूला उभा राहील म्हणून सांगितली. त्या सोमवारी तो भर दुपारी घरी आला. शर्ट रक्ताने भिजलेला. म्हणाला, साइटवर मजूर पडला, त्याला उचललं. मी बादलीत गार पाणी घेऊन तो शर्ट धुतला. डाग जाईना म्हणून मीठ लावून पुन्हा चोळला. मग तुझं हॉस्पिटलातलं पत्र आलं. ते वाचून मी माझे हात बघत बसले. भाऊचं रक्त मी ह्या हातांनी मोरीत सोडलं होतं.

तो तोवर गावी पळाला होता. मी तुला चार ओळी लिहिल्या, त्या आईच्या होत्या. बहिणीच्या नव्हत्या.

तो फेब्रुवारीच्या अखेरीला परत आला. मी तुझं शेवटचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. वाचून तो खाली बसला. पाटी घेतली आणि लिहीत सुटला. शेठने नुसतं घाबरवा म्हणून सांगितलं होतं, बाकीच्यांना चेव चढला, मी मामाला दाबून धरला म्हणून तो पडून राहिला, उठला असता तर मेला असता. मीच वाचवला त्याला, असं लिहिलंन. खरं असेल. मी म्हटलं, मग हेच पोलिसांना सांग. तो म्हणाला, शेठ आपल्या दोघांना जाळून टाकील. मी म्हटलं, तर मग मी सांगते. आणि चपला घातल्या.

बाय, त्याने माझा हात धरला. आधी नुसता धरला होता. मी ओढला तसा पिळला. मला ऐकू येत नाही, पण हाड मोडलं ते मला दातांत कळलं. तो घाबरला. माझ्याकडे बघत राहिला, जसा लहानपणी कपबशी फोडली की बघायचा. मग मला आत ढकलून बाहेरून कुलूप लावून गेला.

जानकी दार ठोकत होती म्हणे, मला काय कळणार? मी खिडकीतून पातेलं बाहेर फेकलं तेव्हा तिच्या नवऱ्याने, दत्तारामाने, कुलूप तोडलं. तो म्हणाला आधी डॉक्टर. मी म्हटलं आधी पोलीस. हात पदरात बांधून गेले.

तिथल्या साहेबांनी प्रश्न कागदावर लिहिले, मी तोंडाने उत्तरं दिली. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, मी किती मोठ्याने बोलत होते कोण जाणे. बाहेरचे लोक आत बघायला लागले. पिंपामागे त्याने रॉड ठेवला होता, तो मी काढून दिला. ही केस मुलुंडची, म्हणून तिकडचे पोलीस आले. सुयोग चेक नाक्यावर सापडला. त्याला गाडीतून आणलं तेव्हा मी बाहेर बाकावर होते. तो मला बघून ओरडत होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. काय ओरडत होता ते मला ऐकू आलं नाही. जानकीला विचारलं, ती सांगत नाही. आताही लिहिता लिहिता मान खाली घातलीन.

त्याने सगळी नावं दिली. कुंडलिकशेठचंही. त्यानंतर दोन माणसं आली आणि आमच्या दारावर पेट्रोल ओतून पेटवलंनी. मी आत झोपले होते. दत्तारामाने ओली चादर घेऊन दार पाडलं, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. चाळीतल्या लोकांनी एकाला पकडला आणि इतका मारला की पोलिसांनाच त्याला सोडवावं लागलं. त्यानेही शेठचं नाव घेतलं. शेठ आता आत आहे.

माझं घर काळं झालंय. मी जानकीकडे राहते. मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. भाऊ कसा आहे, तेवढं कळव. जानेवारीत विचारायचं राहिलं होतं.

आत्या


मुलुंड पूर्व
८ एप्रिल २०२५

आत्या,

पोलिसांनी आम्हाला एवढंच सांगितलं होतं की साक्षीदार मिळाला. कोण ते तुझ्या पत्राने कळलं.

मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. हात मोडला तिथे त्यांनी मला थांबवलं. पाणी मागितलं. मग म्हणाले, पुढे वाच. मी तुला जे लिहिलं होतं तेही मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. त्यांनी मला कधी हात लावलेला नाही. त्या दिवशी लावतील असं वाटलं. लावला नाही. एवढंच म्हणाले, "माझ्या बहिणीला दार बंद करणारी तू कोण?"

मी चुकले, आत्या. राग पूर्ण गेला असं खोटं लिहीत नाही. सुयोगचं नाव आलं की अजून अंगाला आग लागते. पण तुझ्यावर नाही.

बाबा काठीने जिन्यापर्यंत जातात. डावीकडून कुणी आलं की दचकतात. अंकलचा जबडा जुळला, बोलणं अजून बोबडं आहे, पण बोलणं कमी झालेलं नाही. ठेका काढून घेतला. परवा नव्या माणसाचा ट्रक काट्यावर नेला तेव्हा तो पळालेला इंजिनीअर स्वतः आला होता, आणि ओळख न देणारे ते मंचाचे सगळे, आणि सोसायटीतले चार जणही. वजन पूर्ण भरलं नाहीच. ट्रक परत पाठवला. दुपारनंतर भरून आला.

आता मुद्द्याचं. पोलीस बाबांचा जबाब पुन्हा घ्यायला येणार आहेत. तो आवाज कुणाचा, ते बाबांनी सांगितलं तर सुयोग सुटणं कठीण. नाही सांगितलं तर वकील म्हणेल, आईचं मुलाशी भांडण झालं, म्हणून ती बोलते. बाबा म्हणतात, रुक्मिणीने जन्म दिलाय, आधी तिला विचार. ती नको म्हणाली तर मी तोंड उघडणार नाही.

म्हणून विचारते. काय सांगू त्यांना?

तुझी
दीप्ती


दहिसर
१४ एप्रिल २०२५

भाऊ,

प्लास्टर काढलं. अक्षर वाकडं येतं, पण माझं आहे.

मला काय विचारतोस? ऐकलंस ते सांग. मामानू म्हणाला तेही सांग, उठू नकात म्हणाला तेही सांग. दोन्ही सांग. एक गाळू नकोस.

त्याला ठाण्याच्या तुरुंगात ठेवलाय. मी दोनदा गेले. जाळीपलीकडे तो बोलतो, तोंडापुढे हात धरून रडतो, त्यामुळे ओठ दिसत नाहीत. मला काही कळत नाही आणि मी तशीच परत येते.

तुझा जबाब होऊ दे. कोर्टातली साक्षही होऊ दे. मग माझ्याबरोबर चल. तो काय म्हणतो ते तू ऐक आणि मला सांग.

रुक्मिणी